चौकटीतली दोन पानं

धुळे, १२ जुलै १९६८

गुरुजींना जमीलाचा सलाम.

ओळखलंत का? मी धरणगावच्या हनीफ पिंजाऱ्याची मुलगी. चौथीला तुमच्या वर्गात होते, खिडकीखालच्या बसकरपट्टीवर बसायचे. लग्न होऊन तीन वर्षं झाली, आता धुळ्याला असते. आमच्या ह्यांचा गाद्या-रजया भरण्याचा धंदा आहे. ह्यांचं नाव कय्युम. तोंडाने घेत नाही, पण कागदावर लिहिलेलं चालतं असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले, अम्मी तर त्याच्याही आधी. भाऊ गावात आहे, पण त्याला तेव्हाचं काही आठवत नाही. त्यामुळे एक गोष्ट विचारायला गावात तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. चौथीत असताना माझं अक्षर बिघडलं होतं. ते नेमकं कोणत्या महिन्यात बिघडलं, सांगाल का? तुम्ही प्रत्येक पानावर तारीख घालायला लावायचात. आणि माझी दोन पानं तुमच्या वर्गाच्या भिंतीवर चौकटीत अजून आहेत असं ऐकते. त्यावर बघून कळवा.

हसू नका. इथल्या डॉक्टरांनी विचारलंय. मला मागच्या उन्हाळ्यापासून दम लागतो. नळावरून हंडा आणताना वाटेत दोनदा टेकावं लागतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग विचारलं, लहानपणी हातपाय आपोआप हलायचे का? मी म्हटलं, हलायचे की नाही ते ठाऊक नाही, पण त्या हातांवर छड्या पुष्कळ खाल्ल्या. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी सरळ कागद पुढे ओढला आणि म्हणाले, कधी ते विचारून सांगा.

जुन्या मुलांची पत्रं तुम्ही तांबड्या शाईने तपासून परत पाठवता हे मला माहीत आहे. माझंही पाठवा. बारा वर्षांनी किती मार्क पडतात ते बघू.

तुमची विद्यार्थिनी,
जमीला


धरणगाव, २२ जुलै १९६८

चि. जमीलास चुडामण गुरुजींचा आशीर्वाद.

पत्र पोचले. तपासून सोबत परत पाठवीत आहे. दहापैकी सात. अक्षराचे वळण अजून शाबूत आहे हे पाहून बरे वाटले, पण ओळी उजवीकडे खाली उतरतात. पूर्वी तुला ही खोड नव्हती. ताठ बसावे, कागद सरळ धरावा, म्हणजे ओळ आपोआप सरळ येते.

तू विचारलेस म्हणून चौकट उतरवून पाहिली. डावीकडच्या पानावर १४ जुलै १९५६ आहे आणि उजवीकडच्या पानावर ६ ऑक्टोबर १९५६. दोन्ही शनिवार, म्हणजे सुलेखनाच्या तासाची पाने. जे काही झाले ते या तीन महिन्यांत.

चौकट मी तुला शिक्षा म्हणून ठेवलेली नाही. एकाच मुलीची दोन पाने, एक मोत्याच्या दाण्यांसारखे आणि दुसरे कोंबडीने उकरल्यासारखे, शेजारी शेजारी पाहिली की मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. खाली ‘आळसाचे फळ’ ही अक्षरे मी स्वतः बोरूने काढली आहेत. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वाखाणली. मी तुझे नाव कुठेही घातलेले नाही. पानांच्या कोपऱ्यात तूच घातले होतेस, त्याला माझा इलाज नाही.

छड्यांचे म्हणशील तर मला विशेष आठवत नाही. वर्गात साठ मुले असत.

दम लागतो त्याचे नवल नाही. पिंजाऱ्याच्या घरात कापसाची बारीक कुसळे नाकातोंडात जातात. कामाच्या वेळी तोंडाला फडके बांधत जा. माझ्या पत्नीला, कै. मंदाबाईला, शेवटची सात-आठ वर्षे दमा होता. अडुळशाच्या काढ्याने तिला बरे वाटे. तूही घेऊन पाहा.

कय्युमरावांना आशीर्वाद.

चुडामण गुरुजी


धुळे, ४ ऑगस्ट १९६८

गुरुजींना सलाम.

सातच? कय्युम दिवसभर मला ‘सात नंबर’ म्हणून हाक मारत होते.

तारखा डॉक्टरांनी उतरवून घेतल्या. दोन-तीन महिन्यांत अक्षर बिघडलं, हे ऐकून त्यांनी मान हलवली. तुम्हाला त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. पोराचा घसा सुजतो, ताप येतो, चार दिवसांत पोर बरं होतं आणि घरचे विसरून जातात. मग काही आठवड्यांनी कुणाचे सांधे धरतात, आज गुडघा तर उद्या मनगट. कुणाचे हातपाय आपोआप नाचायला लागतात, हातातली वस्तू पडते, तोंड वेडंवाकडं होतं. तेही काही दिवसांनी थांबतं. पण हृदयात जी झडप असते ती त्यात दुखावते आणि पुढे दहा-बारा वर्षं आखडत जाते. माझी तशी आखडली आहे. म्हणून दम.

तिथे बाकावर माझ्या एका बाजूला शिंदखेड्याची नऊ वर्षांची मुलगी होती, गुडघे सुजलेली. दुसऱ्या बाजूला चाळिशीची एक बाई, तोंड पिवळं, पाय सुजून चपला होत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, तुम्हा तिघींचं दुखणं एकच आहे. मी मध्ये बसले होते गुरुजी. इकडे बघितलं की माझं मागचं दिसत होतं आणि तिकडे बघितलं की पुढचं. मग मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

आता मला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं आहे. आणि मुंबईला नेलं तर ऑपरेशन करून झडप मोकळी करतात. करायचं तर नवरात्राच्या आत करा, नंतर जमणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. का, ते तुम्हाला पत्रात लिहिण्यासारखं नाही.

कय्युम तयार आहेत. पण घरात शब्द चालतो सासूबाईंचा. कुलसुमबी मनाने वाईट नाहीत. ईदला पहिली बांगडी मलाच भरतात. पण मी आळशी आहे याबद्दल त्यांना तिळभर शंका नाही, आणि ते त्यांना कुणी सांगितलं माहीत आहे? त्यांच्या बहिणीचा मुलगा तुमच्याच शाळेत शिकला. तो लग्नात आला आणि जेवता जेवता बोलून गेला, “खाला, हिनं नाव शाळानी भिंतवर शे, आळसनं फळ म्हनीसन. बठ्ठं गाव वाचस.” सगळं गाव, गुरुजी. तेव्हापासून मी हंडा खाली ठेवला की सासूबाई म्हणतात, “शाळामा नही सुधरनी, ते आते काय सुधरी?”

डॉक्टरांचं त्यांना पटत नाही. डॉक्टर पोरगेला आहे, मास्तर जुना आहे, आणि मास्तरने भिंतीवर लावलेलं खोटं कसं असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना माझं खोटं वाटतं, कय्युमचं बायकोच्या बाजूचं वाटतं. तुमचं तेवढं खरं वाटेल. म्हणून तुम्हीच त्यांच्या नावाने दोन ओळी लिहा, की हा आळस नव्हता, आजार होता. त्या हो म्हणाल्या की आम्ही दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरू.

तुम्हाला आठवत नाही म्हणालात म्हणून आठवण देते. छडी मारण्याआधी तुम्ही विचारलं होतंत, असं काय लिहितेस म्हणून. मी म्हटलं होतं, “गुरुजी, मना हात मनं ऐकत नही.” सगळा वर्ग हसला होता. तुम्हीही हसला होतात. आठवलं तर तेवढंच त्यांना लिहा, पुरेसं होईल.

जमीला


धरणगाव, २५ ऑगस्ट १९६८

चि. जमीलास आशीर्वाद.

पत्रावर तीन आठवडे विचार केला.

तुझ्याबद्दल माझ्या मनात माया आहे, हे आधी सांगतो. पण तू जे मागतेस ती साक्ष आहे, आणि साक्ष ज्याने त्याने आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीचीच द्यावी. तू आजारी होतीस की नव्हतीस हे मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. मला माहीत आहे ते एवढेच, की जुलैत तू वर्गात पहिली होतीस आणि ऑक्टोबरात शेवटची. बत्तीस वर्षांत मी शेकडो मुलांचे अक्षर बिघडलेले पाहिले आहे. कारणे ठरलेली असतात. खेळ, उनाडपणा, घरी कामाचा बोजा, आणि आळस. हात आपले ऐकत नाही ही सबब मी नव्याने ऐकतो आहे.

डॉक्टरांनी मला सहीशिक्क्यानिशी चार ओळी लिहून पाठवाव्यात. त्या हाती आल्या की मी तुझ्या सासूबाईंना अवश्य लिहीन. नुसत्या ऐकीव गोष्टीवर लिहिले आणि उद्या ते खोटे ठरले, तर बत्तीस वर्षांच्या माझ्या शब्दाला काय किंमत राहील?

सासूला आळशी वाटू नये याचा मला ठाऊक असलेला उपाय म्हणजे पहाटे लवकर उठणे. रागावू नकोस, गमतीने लिहिले आहे.

ओळी अजूनही उतरतात. या खेपेला आधीपेक्षा जास्त. सहा.

चुडामण गुरुजी


धुळे, १५ सप्टेंबर १९६८ (पोस्टकार्ड)

गुरुजींना सलाम.

डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या दारात रोज शंभर माणूस. लिहून देतो म्हणाले, मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ते बाहेरगावी होते. आता मला तिथवर चालवत नाही. राहू द्या.

फक्त एक करा. माझ्या भावाची मुलगी पुढच्या जूनमध्ये तुमच्या वर्गात येईल. तिने माझं नाव वाचायच्या आत ती चौकट काढाल का? पानं फेकू नका. पहिलं पान अब्बांना फार आवडायचं.

जमीला


धरणगाव, २४ नोव्हेंबर १९६८

चि. जमीला,

हे पत्र सावकाश वाच. माझ्या हातून एवढे लांब पत्र पूर्वी कधी गेलेले नाही, आणि असे तर नाहीच.

आमच्या गावातले दलिचंद शेठ तुला आठवत असतील, बाजारात सरकीचे दुकान असलेले. त्यांची धाकटी मुलगी प्रेमकुंवर यंदा माझ्या वर्गात आहे. नऊ वर्षांची, शांत, नीटनेटकी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात तिने तीन वेळा दौत सांडली. प्रार्थनेला उभी राहिली की तोंड वाकडे करी. मला वाटले, मला वेडावते. गेल्या शनिवारी सुलेखनाच्या तासाला तिच्या वहीत पाहिले तर ओळीवर एक अक्षर नव्हते. मी तिला चौकटीसमोर उभे केले, तुझ्या पानांसमोर. पट्टी उचलली आणि हात पुढे कर म्हटले.

तिने हात पुढे केला. तो एका जागी राहीना. बोटे आपली आपण हलत होती, मनगट वळत होते. तिने डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “गुरुजी, हा माझं ऐकतच नाही.” वर्ग हसला.

मला हसू आले नाही. पट्टी मी टेबलावर ठेवली आणि मुलांना सुट्टी दिली. तिच्या वडिलांकडे गेलो. घरी मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या होत्या. शेठना म्हटले, उद्याच्या गाडीने जळगावला चला, मी बरोबर येतो.

जळगावच्या डॉक्टरांनी तिला जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितले. ती तिला ठेवता येईना. मग तिच्या आईला विचारले, पावसाळ्यात घसा धरला होता का? आई म्हणाली, हो, पण चार दिवसांत राहिला. तू मला ऑगस्टमध्ये जे लिहिले होतेस तेच ते बोलू लागले, जवळजवळ त्याच शब्दांत. मी विचारले, डॉक्टरसाहेब, हे आळसासारखे दिसू शकते का? ते म्हणाले, मास्तर लोक नेहमी तेच समजतात.

मग मी त्यांना मंदाबद्दल विचारले. एकेचाळिसाव्या वर्षी गेली. गाल लालसर, पाय सुजलेले, खोकल्यातून कधी रक्त पडे. आडवे झाले की गुदमरे, म्हणून उशांना टेकून बसून राही. डॉक्टरांनी विचारले, तिला कधी कुणी तपासले होते का? नव्हते. मी तिला सात वर्षे अडुळसा पाजला, जमीला. आणि तुलाही तोच पाजायला निघालो होतो.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो. मला आठवत नाही असे मी तुला लिहिले, ते खोटे होते. मला सगळे आठवत होते. तू म्हणालेली ती ओळ मला बारा वर्षे पाठ आहे, कारण ती मी मास्तरांच्या बैठकीत गंमत म्हणून कितीतरी वेळा सांगितली आहे. त्या दिवशी तू तसे म्हणालीस आणि मी त्याच हातावर सहा छड्या मारल्या. तू लिहितेस ते खरे असेल अशी शंका मला तुझ्या दुसऱ्या पत्रालाच आली होती. पण चौकट खाली उतरवायची म्हणजे बारा वर्षे मी चुकीची गोष्ट भिंतीवर लावून ठेवली हे गावाला सांगायचे. ते माझ्याने होईना. डॉक्टरांचा शिक्का मागितला तो वेळ काढण्यासाठी. साक्षीबिक्षीचे शब्द त्याच्यावर घातलेले पांघरूण होते.

चौकट त्याच संध्याकाळी काढली. पाने माझ्याकडे जपून आहेत.

तुझ्या सासूबाईंसाठी सोबत वेगळा कागद आहे, सही करून. त्यात लिहिले आहे की जमीला माझ्या वर्गातली सर्वांत कष्टाळू मुलगी होती, तिला मोठा आजार झाला होता, आणि तो आजार मी आळस म्हणून भिंतीवर टांगला. दोष सर्वस्वी माझा. हे कय्युमरावांनी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

नवरात्र होऊन दोन महिने झाले. ती मुदत कशाची होती ते तू लिहिले नाहीस, आणि मी विचारलेही नाही. ती टळली असली तरी अजून काही करता येत असेल. मुंबईला जायचे असेल तर मी सोबत येतो. पंधरा दिवसांची रजा आजच लिहून दिली आहे. नुसते ‘या’ एवढे कार्डावर लिही. कशाही अक्षरात लिही.

तुझा अपराधी,
चुडामण


धुळे, ८ डिसेंबर १९६८

चुडामण मास्तरांना कुलसुमबीचा सलाम.

मला लिहिता येत नाही. मी बोलते तसं कय्युम लिहितोय. त्याला सांगितलंय, एक शब्द गाळू नको.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. जमीला मंगळवारी गेली.

तिला आठवा महिना होता. हे तिने तुम्हाला लिहिलं नसणार. आपल्या मास्तराला पोरगी असं कसं लिहील? डॉक्टरने नवरात्राची मुदत घातली होती ती त्याच्यासाठी. पाचव्या महिन्यापर्यंत ऑपरेशन होतं म्हणाला, पुढे पोटाचा भार वाढला की छातीला झेपत नाही. मी म्हटलं, आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत? सात बाळंतपणं मी केली, आठव्या दिवशी पिंजायला बसले. हिला मुंबई पाहिजे. असं मी बोलले. कय्युम लिहायला थांबलाय, त्याला म्हटलं लिही.

पाच महिने ती आडवी झाली नाही. गिऱ्हाइकांच्या गाद्यांची थप्पी लावायची आणि तिला टेकून बसायची. मला वाटायचं राणीसारखी लोळते. मी त्या गाद्या तिच्या पाठीमागून काढून घ्यायची. तुम्हाला पत्रं लिहिली ती तिथेच बसून, मांडीवर डब्याचं झाकण ठेवून. लिहिताना मान खाली जायची आणि कागद सरकायचा. तुमचं उत्तर आलं की ती आधी मार्क बघायची. कय्युमने ओळी का उतरतात ते तुम्हाला कळवतो म्हटलं, तर तिने हात धरला. म्हणाली, गुरुजींना वाटेल सबब सांगते.

सोमवारी नळाला पाणी उशिरा आलं. मी तिला हंडा घेऊन पाठवली. परत आली ती ओठ निळे. दवाखान्यात नेली. मंगळवारी पोर झालं आणि अर्ध्या तासात ही गेली.

तुमचा कागद मी दोनदा वाचून घेतला. तुम्ही लिहिलंय दोष सर्वस्वी माझा. तसं नका म्हणू. तुमच्या वर्गात ती वर्षभर होती, माझ्या घरात तीन वर्षं होती. तिचा दम मी रोज माझ्या कानांनी ऐकला. पण एक विचारते मास्तर, रागाने नाही. हा कागद तुम्हाला भादव्यात नसता का लिहिता आला? तुमचं मी मानलं असतं. तुमचंच मानत होते ना.

मुलगी झालीय. वीतभर आहे. कापसात गुंडाळून ठेवलीय, कापूस आमच्याकडे खूप आहे. नाव शहनाज. जमीलाने आधीच सांगून ठेवलं होतं.

कुलसुमबी
(हस्ते कय्युम)


धरणगाव, ५ जून १९७०

कुलसुमबींना चुडामण मास्तराचा सलाम.

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला मला दीड वर्ष लागले. किती वेळा कागद घेऊन बसलो याचा हिशेब नाही. तुम्ही विचारले होते, भादव्यात नसता का लिहिता आला. आला असता. शाई होती, कागद होता, पोस्ट घरापासून चार पावलांवर होते. याहून दुसरे उत्तर मला सापडले नाही.

तीस मे रोजी मी निवृत्त झालो. जमीलाच्या भावाची मुलगी गेल्या वर्षी माझ्या वर्गात आली. चौकट तेव्हा नव्हती, पण भिंतीवर तेवढी जागा पांढरी राहिली होती. मुलांनी विचारले, इथे काय होते? मी सांगितले. जमीलाची सगळी हकिकत सांगितली, नाव घेऊन, छड्यांसकट. तिची भाची पुढच्याच ओळीत बसली होती. तिने घरी जाऊन सांगितले आणि तिचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मला वाटले, भांडतील. ते त्या पांढऱ्या जागेसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले. भांडले असते तर मला बरे वाटले असते.

शनिवारच्या सुलेखनाच्या तासाला मी एक नवे खूळ काढले होते. बॅटरी आणि चमचा घेऊन मुलांचे घसे पाहायचो. बायका हसायच्या, मास्तर म्हातारपणी वैदू झाला म्हणायच्या. लाल घसा दिसला, सांधा दुखतो म्हणाला, हात हलताना दिसला, की पोराला जळगावला पाठवायचो. काही माझ्यावर चिडून गेले, काही गेलेच नाहीत. तिघांना तेच दुखणे निघाले. जिल्ह्याच्या कचेरीला चार अर्ज केले, की शाळाशाळांतून डॉक्टर फिरवावा, मास्तरांना हे दुखणे ओळखायला शिकवावे. विचार चालू आहे असे उत्तर आले. प्रेमकुंवरचे हात आता स्थिर आहेत. दर एकवीस दिवसांनी तिला इंजेक्शन असते. शेठ दुकानाच्या गडबडीत विसरतात, म्हणून तारीख मी लक्षात ठेवतो आणि सकाळी जाऊन दारात उभा राहतो. तिचे अक्षर पहिल्यासारखे झालेले नाही. मी तिला त्याबद्दल काही म्हणत नाही.

एक गोष्ट तुमच्याजवळ कबूल करायची राहिली आहे. जमीलाचे शेवटचे पोस्टकार्ड मी तपासले होते. तिने लिहिले होते, राहू द्या. मी त्यावर तांबड्या शाईने ओळी आखल्या आणि कोपऱ्यात चार मार्क घातले. ते परत टाकायचे तेवढे राहून गेले. आता रोज वाटते, बरे झाले, ते तिच्या हाती पडले नाही. मग वाटते, तिने आधीचे सहा पाहिले होतेच.

शहनाज दीड वर्षाची झाली असेल. बोलायला लागली असेल. तिला कधी घसा धरला, ताप आला, तर चार दिवस वाट पाहू नका. हे मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या सोमवारी मी धुळ्याला येतो आहे. कय्युमरावांनी मला कब्रस्तानात घेऊन जावे, एवढी विनंती आहे. येताना चौदा जुलैचे पान आणीन. हनीफभाईंना ते आवडायचे, आता ते शहनाजचे. तिला वाचता येऊ लागले की द्या आणि सांगा, तुझी आई असे लिहायची.

सहा ऑक्टोबरचे पान मी माझ्याकडे ठेवले आहे. ते तुम्ही मागू नका. त्यावर कोपऱ्यात नाव जमीलाचे आहे, पण ते पान माझे आहे.

चुडामण